हाताला अवलक्षण: आढळले नाही

निवृत्त झाल्यापासून मी फायली वाचतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणून चौतीस वर्षे माणसे ऐकली. आता त्यांचे कागद येतात. कागद रडत नाहीत आणि ‘डॉक्टर, तुमचं लक्ष आहे ना?’ असे विचारत नाहीत, त्यामुळे मला ते बरे पडते.

काम तसे साधे आहे. डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे आपले नुकसान झाले असे कुणाला वाटले की तो वकिलाकडे जातो. दावा लावण्याआधी वकील मला विचारतात, ‘यात दम आहे का?’ रुग्णाला भेटायचे नाही, डॉक्टरलाही नाही. फाइल वाचायची आणि दोन प्रश्नांची उत्तरे द्यायची: चूक झाली का, आणि नुकसान त्या चुकीमुळेच झाले का.

बुधवारी सकाळी वकीलबाईंचा फोन आला. या माझ्या मित्राच्या कन्या. मला काका म्हणतात, पण सूट काही देत नाहीत.

“काका, हा अभिप्राय आहे की हवामानाचा अंदाज? एका पानात अकरा वेळा ‘बहुधा’!”

“बारावा खोडला मी.”

“फार उपकार झाले! शुक्रवारी मुदत संपते. उद्या दुपारपर्यंत मला हो किंवा नाही हवंय. ‘बहुधा हो’ चालणार नाही.”

मी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून उघडली.

दावेदार पाट्या रंगवणाऱ्या एका कंपनीतला पेंटर. दुकानांच्या माथ्यावर, शिडीवर उभे राहून, मोठाली अक्षरे काढणारा. कंपनीत नवा साहेब आला आणि त्याने चांगली कामे आपल्या मेहुण्याला द्यायला सुरुवात केली. पेंटरची झोप उडाली. झोपेची गोळी मागायला तो दवाखान्यात गेला आणि ‘भ्रमाचा विकार’ असा शिक्का आणि भ्रमावरची गोळी घेऊन बाहेर पडला. उपचार तीन महिन्यांनी थांबले. शिक्का तसाच राहिला. कंपनीचा नियम असा की, तसला शिक्का असलेल्या माणसाने शिडीच्या दुसऱ्या पायरीच्या वर चढायचे नाही. त्यामुळे अकरा महिने तो फक्त खालच्या पाट्या रंगवत होता. ‘कुत्री आत आणू नयेत.’ ‘चपला येथे काढा.’ त्याला दुसरे काही नको होते. तो शब्द कागदावरून जावा आणि आपण वर जावे, एवढेच.

डॉक्टर तरुण होता, परमुलखातून आलेला, आपली भाषा परीक्षेपुरती शिकलेला. नोंदी मात्र अशा सविस्तर, की माझी मलाच लाज वाटली. मी आयुष्यभर ‘झोप ठीक. औषध तेच’ एवढेच लिहिले. मला कोण पकडणार? या पोराने सगळे लिहून ठेवले होते.

पान तीन: ‘रुग्ण म्हणतो, ऑफिसात भिंतींनाही कान आहेत. एकूण किती, हे सांगू शकला नाही.’

खाली: ‘साहेबाने पोटावर पाय दिला म्हणतो. पोट तपासले. वळ नाही.’

त्याखाली: ‘साहेबाने तोंडाला पाने पुसली. कोणत्या झाडाची, असे विचारले असता रुग्ण बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.’

आणि शेवटी: ‘पाणी डोक्यावरून गेले म्हणतो. केस कोरडे.’

बायको आतून धावत आली. “अहो, ठसका लागला का?”

“नाही गं. हसतोय.”

“तुम्ही? थांबा, खिडकी लावते. शेजारी घाबरतील.”

फाइल गुप्त असते. म्हणून मी फक्त एवढेच विचारले, “पोटावर पाय देणं म्हणजे काय गं?”

“हे आता विचारताय? लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर?” ती माझ्याकडे निरखून पाहू लागली. “दुसऱ्याचं काम हिरावून घेणं. पुस्तकं वाचून वाचून साधं बोलणं विसरलात की काय?”

म्हणजे कुणालाही विचारले असते तर कळले असते. पण भाषा न येणे हा काही गुन्हा नव्हे. आणि इतका प्रामाणिक पोरगा. नुसते आळशीपणाने माझ्यासारखे चार शब्द लिहिले असते तर सुटला असता. माझे अकराही ‘बहुधा’ त्याच्यासाठी होते, हे मला तेव्हा उमगले.

मी पुढे वाचले. पान सात मी पहिल्या वेळी घाईने उलटले होते. ‘पत्नी बाहेर बाकावर बसली आहे. आत बोलावले नाही. पुढचा रुग्ण थांबला होता.’

पान नऊ, तीन आठवड्यांनंतरचे: ‘रुग्णाने दोन्ही हात पुढे केले. हात थरथरत होते. म्हणाला, तुमच्याकडे आलो म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं. हाताला अवलक्षण: आढळले नाही. नवा भ्रम दिसतो. गोळी दुप्पट केली.’

या वेळी मला हसू आले नाही. त्या गोळीने हात थरथरतात, हे वैद्यकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. हात समोर होते. त्याने पाहिले, लिहिले आणि तरीही गोळी वाढवली. म्हण कळली नाही तर समजू शकतो, पण हात सगळ्या भाषांत सारखेच थरथरतात. फाइलीला त्या काळातल्या एका पाटीचा फोटो जोडला होता. ‘सावकाश चला’ अशी पाटी, आणि अक्षरे जीव घेऊन पळत सुटलेली.

गुरुवारी सकाळी मी वकीलबाईंना फोन केला.

“लिहितोय. पण त्या डॉक्टर पोराचं काय होईल?”

“काका, आपला माणूस कोण? दुसऱ्या पायरीवर अकरा महिने उभा आहे तो.”

मी लिहायला बसलो. भाषेच्या अडचणीला चूक म्हणता येणार नाही, असे लिहिले. बाकावर बसलेल्या पत्नीला न विचारणे, ही चूक. थरथरते हात पाहून गोळी वाढवणे, ही त्याहून मोठी चूक. नुकसान त्यातूनच झाले. भ्रमाचा एकही पुरावा फाइलीत नाही. ज्याला भ्रम म्हटले आहे ते रोजचे बोलणे आहे. ‘बहुधा’ दोनदा लिहिले आणि दोनदा खोडले. कागद थोडा फाटला, तसाच पाठवला.

दावा कोर्टापर्यंत गेलाच नाही. दवाखान्याच्या वरिष्ठांनी अभिप्राय वाचला, पान नऊ वाचले, आणि दोन महिन्यांत चूक कबूल करून तो शब्द लेखी मागे घेतला. त्या पोराला काढले नाही. सहा महिने एका अनुभवी डॉक्टरबाईंच्या शेजारी बसवले. हे ऐकून मला जरा झोप लागली.

मग एका सोमवारी वकीलबाईंचा फोन.

“काका, पेंटरचा फोन आला होता. तीन मजली कापडदुकानाची पाटी मिळालीय त्याला. शिडीवरूनच बोलत होता.”

“काय म्हणाला?”

“म्हणाला, वकीलबाई, एक हात शिडीला, एका हातात ब्रश, फोन खांद्यात धरलाय. आभार खाली आल्यावर मानतो.”