खोकल्यासकट

आत्याचं भजन मी विलायती स्वरलिपीच्या पाच रेघांवर उतरवलं ते काही हौसेनं नाही, नाइलाज झाला म्हणून. डॉक्टरांनी तिच्या घशात डोकावून सांगितलं, गाठ काढावी लागेल, जिवाला धोका नाही, पण आवाजाचं काही सांगता येत नाही.  घरी आल्यावर दारात चपला काढताना आत्या म्हणाली, "आईचं भजन तेवढं शिकून घे गं. माझ्याबरोबर जायला नको."

आई म्हणजे माझी आजी. मी जन्मायच्या आधीच ती गेली. तिचं एवढं एकच भजन उरलेलं, तेही एकट्या आत्याच्या गळ्यात, आणि त्या गळ्यावरच सुरी चालणार. 

"रेकॉर्ड करून ठेवते," मी म्हटलं.

"ठेवलेलं कुणी म्हणतं का? ठेवलं की राहिलं ते तिथंच. तू म्हणायला शीक."

इथेच तर घोडं पेंड खात होतं. कानानं ऐकून मला आजवर एक ओळ धड आलेली नाही. मी पडले ऑर्केस्ट्रातली नकलनवीस. प्रत्येक वादकाला त्याच्या वाट्याच्या सुरांचा कागद लागतो, तो मी लिहून देते. आमच्या कामात नियम एकच: समोर आहे ते लिहायचं. पदरचं घालायचं नाही, आवडलं नाही म्हणून गाळायचं नाही. शंका घ्यायला वर पगारी माणसं बसवलेली असतात.

म्हणून आत्याचं गाणं रेकॉर्ड केलं, ते स्वयंपाकघरात, कारण हाताला काम असल्याशिवाय तिला गाता येत नाही. मग टेबलाशी बसले, पेन्सिलीला टोक काढलं आणि सगळं कागदावर आणलं. आत्यानं चष्मा लावून पाहिलं.

"हे काय? माझा देव दोरीवर वाळत घातलास की काय?"

"दोऱ्या नाहीत, रेघा आहेत. वरच्या रेघेवर वरचा सूर."

"आणि देव कुठल्या रेघेवर?"

 तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

पुढचा हट्ट असा की भजन एकटीनं म्हणायचंच नाही, चार गळे हवेत. तिच्या मंडळातल्या बायका पांगलेल्या. कुणाचे गुडघे गेले, कुणी लेकीकडे राहायला गेली. मग मी आमच्या ऑर्केस्ट्रातले तिघं पकडून आणले: डबलबासवाले काका, क्लॅरिनेटवाली आणि ट्रॉम्बोनवाला. भजनाशी तिघांचाही सुतराम संबंध नाही, पण हातात कागद दिला की वाटेल ते गातील. सोफ्यावर दाटीवाटीनं बसले. आत्या समोर, हात मांडीवर. मी खूण केली.

"दिवा मालवला तरी," आम्ही चौघं एका सुरात, आणि मग चौघं एकदम खोकलो. आधी एक छोटा ठसका, मागून एक लांब. "सावळ्या, तूच दिसशी डोळां."

आत्याचे डोळे विस्फारले. आम्ही पुढे निघालो. अंतऱ्यात डबलबासवाल्या काकांची एकट्याची ओळ होती. डोळे मिटून, काळजाच्या तळातून त्यांनी आळवलं, "गॅस बारीक कर गं, उतू जाईल!"

"थांबा!" आत्या कडाडली. "अगं बये, हे काय लिहून ठेवलंयस?"

"तू गायलीस ते."

"तो खोकला होता! आणि तो गॅस, तो मी तुला सांगत होते!"

"सुरात सांगितलंस. मी काय करू?"

"मला वाटलंच होतं," क्लॅरिनेटवाली म्हणाली. "पण लिहून आलेल्यावर आपण कोण बोलणार?"

काका बिचारे हिरमुसले. त्यांना ती ओळ सगळ्यात भक्तीची वाटली होती.

मी खोडरबर घेतला. गॅस पुसला, खोकला पुसला, ओळी सांधल्या. "आता तूही म्हण बरोबर," मी आत्याला म्हटलं. पाचजणांनी सुरुवात केली. "दिवा मालवला तरी," आणि आम्ही "सावळ्या"वर गेलो, आत्या मागे राहिली. पुन्हा घेतलं, पुन्हा राहिली. तिसऱ्या वेळी ती चिडून उठली, खिडकीपाशी गेली आणि एकटीच ओळ पुटपुटू लागली. "तरी"पाशी आली, खोकली, आणि "सावळ्या" बरोब्बर जागेवर पडला.

खिडकीचा गज धरून तिनं ती ओळ पुन्हा एकदा म्हटली, खोकल्यासकट.

"आईला दमा होता," ती म्हणाली. "याच ओळीला तिला उबळ यायची. मी तिच्या मांडीवर बसून शिकले. मला वाटायचं, ते तसंच आहे." मग पदरानं नाक पुसत वळली. "गॅस काढ. खोकला राहू दे."

मी पुन्हा पेन्सिल घेतली. खोकला जिथल्या तिथे लिहिला. ज्या आजीला मी कधी पाहिलं नाही, तिचा दमा माझ्या अक्षरात उतरत होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. आवाज मात्र गेला. आत्या घरी आली तेव्हा गळ्याला पट्टी होती, हातात पाटी होती, आणि पाटीवर पहिलंच वाक्य होतं, "तुझे ते बाजेवाले कधी येणार?"

आले तिघंही. खोलीत खुर्च्या मावेनात, ट्रॉम्बोनवाला पलंगाच्या कडेला टेकला. आत्या उशीला टेकून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले. बोलायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मला रडू येत होतं, पण कागद समोर असला की मला रडता येत नाही, रेघा दिसेनाशा होतात.

"दिवा मालवला तरी," आम्ही म्हटलं आणि खोकायला छाती भरून घेतली.

आत्यानं हात वर केला. आम्ही चौघं श्वास धरून थांबलो. ती पुढे वाकली आणि खोकली. आधी एक छोटा, मग एक लांब, अगदी लिहिल्याबरहुकूम.

मग तिनं हात खाली केला, आणि आम्ही "सावळ्या" म्हटलं.