लहान मापाची बेडी

मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नये. जे झालं ते सांगते, आणि त्यात माझी बाजू झाकत नाही.

घाटकोपरला असल्फाच्या गाळ्यांमध्ये आमचा कुलपांचा कारखाना. साठ माणसं. निम्म्यांच्या घरचं कुणी ना कुणी गिरणीच्या संपात नोकरीवरून उठलेलं. माझे मिस्टर त्यातलेच. संप मिटेल मिटेल म्हणून दोन वर्षं काढली, मग गिरणीने नावच कापलं. तेव्हापासून घर माझ्या पगारावर.

पंच्याऐंशी साली एक्स्पोर्टचं काम आलं. पायात घालायच्या बेड्या. मालक म्हणाला, परदेशात सर्कशीच्या जनावरांना लागतात. आम्ही मानलं. का नाही मानायचं? लहान मापाची बघून शेजारची सुनंदा म्हणाली, "ही माकडाची असणार गं." आम्ही पोट धरून हसलो.

मी चेकिंगला. प्रत्येक नग स्वतःच्या अंगावर लावून बघायचा. मोठा घोट्यावर, लहान मनगटावर. किल्ली फिरवायची, नीट उघडला की कडेला आपला नंबर पंच करायचा. माझा नऊ.

दिवाळीनंतर एक पेटी परत आली. कुलूप अडकतं अशी तक्रार. सुपरवायझरने ती माझ्यासमोर ओतली आणि शिव्या घालून गेला. त्यात एक लहान मापाची, करवतीने कापून काढलेली. आतल्या अंगाला काळपट काहीतरी सुकलं होतं. मी नखाने खरवडलं. गंज नव्हता तो. कडेला नऊ. सोबत तारेने बांधलेला इंग्रजी कागद.

तो नग आणि कागद मी गुणाजीभाऊंना नेऊन दाखवला. भाऊ आमच्या युनियनचे सेक्रेटरी. त्यांनी दोनदा वाचलं.

"वनमाला, हा दक्षिण आफ्रिकेतल्या तुरुंगाचा कागद आहे. आपला माल सिंगापूरला म्हणून जातो आणि तिथून पुढे."

त्या देशाचं भाऊ गेटवर नेहमी सांगायचे. गोरे काळ्यांना कसं तुडवतात, शाळेतली पोरं धरून कशी कोंडतात. आम्ही ऐकायचो, घोषणा द्यायचो आणि डबे उचलून घरी जायचो.

"म्हणजे माकडाची नाही," मी म्हटलं.

"नाही."

"भाऊ, हे थांबवा. तुमच्या पाया पडते."

घरी आले तर माझी कमळ, बारा वर्षांची, पाय पसरून तांदूळ निवडत बसलेली. मी तिच्या घोट्याकडे बघितलं. लावून बघायची गरज नव्हती. मोरीत जाऊन ओकले.

ह्यांना सांगितलं. ते खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत. "संपात माझो हात वर गेलेलो. काय मिळाला? तू गप रव." मी चिडून म्हटलं, तुम्हाला बसून खायला मिळतंय म्हणून बोलता. असं बोलायला नको होतं. त्यांनी भिंतीकडे कूस बदलली.

शनिवारी सुट्टी झाल्यावर गेट मीटिंग लागली. भाऊंनी तो नग सगळ्यांच्या हातातून फिरवला. ठराव दोन होते. पहिला, तिथल्या सरकारचा जाहीर निषेध. साठ हात वर. टाळ्या. दुसरा, हा माल आजपासून कुणी बनवायचा नाही. मालकाने सकाळीच कानावर घातलं होतं, ऑर्डर गेली तर गाळ्याला टाळं.

"बाजूने कोण?" भाऊंनी विचारलं आणि आपला हात वर केला.

एकच हात. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण नग आणला मी, पाया पडले मी. आणि माझा हात पदराखाली. तो काही दुखत नव्हता. मी वर केला नाही, एवढंच.

भाऊ बराच वेळ तसेच उभे राहिले, मागच्या रांगेतलं कुणी मोजायचं राहिलंय असे. मग म्हणाले, "ठराव नामंजूर." माझ्याकडे एकदा बघितलं त्यांनी. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. महिन्याभरात ते युनियन सोडून गेले.

निषेधाच्या तीन ओळी एका पेपरात आल्या, युनियनचं नाव घेऊन. सुनंदाने कापून आणल्या आणि डिंकाने भिंतीला चिकटवल्या. त्या दिवशी आम्ही लहान मापाच्या चारशे केल्या.

परत आलेल्या पेटीबद्दल मला लेखी वॉर्निंग मिळाली. आता मी प्रत्येक नगाची किल्ली तीनदा फिरवते. तिकडे कुणा पोराच्या पायाजवळ करवत जायला नको, म्हणून करते असं मनाला सांगते. थापा आहेत. मला नोकरी टिकवायची आहे. माझं काम आता इतकं चोख आहे की नऊ नंबरची एकही बेडी परत आलेली नाही.