पूजेत मांडलेल्या कानशी

कानस चमच्यासारखी खणात टाकणाऱ्या माणसाला मी घरी जेवायला बोलावत नाही. थट्टा नाही करत. कानशीला, म्हणजे धातू घासायच्या हत्याराला, बारीक बारीक दात असतात, आणि एक कानस दुसरीवर आपटली की दोघींचे दात जातात. एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. उलट इंजिनिअर झालेल्यालाच ते कळत नाही, असा माझा बारा वर्षांचा अनुभव आहे.

बारा वर्षं म्हणजे बहारीनमधली. जहाजदुरुस्तीच्या यार्डात मी फिटर होतो आणि जवळच्या हिद्द गावात एका घराच्या तळमजल्यावर राहत होतो, मी, बायको प्रभावती आणि मुलगी श्रावस्ती. वरच्या मजल्यावर गुरुप्रसाद साहेब, पुण्याचे, आमच्याच यार्डात इंजिनिअर. जिन्याखालची खोली घरमालकाने दोन्ही घरांना सामानासाठी दिलेली. त्यांच्या अर्ध्या भागात दोन सुटकेसा आणि एक मोडका पंखा. माझ्या अर्ध्या भागात माझं वर्कशॉप. कुलूप एक, किल्ल्या दोघांकडे. तिथेच घोळ झाला.

माझ्या तेवीस कानशी होत्या. पॅकिंगच्या पेटीची जाड फळी भिंतीला ठोकून तिला मी खाचा पाडल्या होत्या. प्रत्येक कानशीला स्वतःची खाच, मूठ वर, अंग मोकळं, शेजारणीला धक्का नाही. पितळ घासायच्या कानशींच्या मुठी पिवळ्या रंगवलेल्या, लोखंड घासायच्या लाल. पितळेला ताज्या दातांची कानस लागते. तीच एकदा लोखंडावर चालवली की पितळेवर नुसती घसरते, म्हणून पिवळी मूठ लोखंडाला लावायची नाही म्हणजे नाही. त्यात तिथली हवा अशी दमट की ऑगस्टमध्ये दाराची बिजागरीसुद्धा महिन्यात गंजते. म्हणून फळीमागे ओल शोषायला खडू ठेवायचे आणि कापडाच्या पुरचुंडीत कापूर. कापराने गंज लांब राहतो, हे मला नागपूरच्या एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलं होतं.

"पोरीच्या कपड्यांना डांबराच्या गोळ्या आणायच्या विसरता," प्रभावती म्हणायची, "अन् कानशींसाठी कापूर बरा ध्यानात राहते!"

सत्त्याण्णव सालच्या ऑक्टोबरात यार्डात फोरमनच्या जागेसाठी परीक्षा निघाली. पाच वर्षांनी निघाली होती. माझं वय सेहेचाळीस. पुढची निघेपर्यंत पन्नाशी उलटणार आणि मग कोण विचारतो? परीक्षा शनिवारी सकाळी सातला. पितळेचा चौकोन घासून लोखंडी पट्टीच्या चौकोनी भोकात बसवायचा, चारही बाजूंनी फिरवून, आणि फटीतून उजेड दिसता कामा नये. कानशी ज्याच्या त्याने आणायच्या. यार्डाच्या स्टोअरमधल्या कानशी एका डब्यात कोंबलेल्या असत, त्यांनी साबणसुद्धा घासला गेला नसता. तपासायला तीन जण. त्यांतले एक गुरुप्रसाद साहेब.

आदल्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. दसरा शनिवारी आला होता. पण शनिवारी यार्ड चालू, म्हणून आम्ही बौद्ध मंडळींनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम शुक्रवारीच मनामाला एका हॉलमध्ये ठेवला होता. सकाळी पांढरे कपडे घालून गेलो ते वंदना, भाषणं, जेवण उरकून पाचला परत. कपडे न बदलताच मी जिन्याखाली गेलो. उद्याच्या पाच कानशी निवडून फडक्यात गुंडाळायच्या होत्या.

फळी रिकामी होती.

खाली पाट मांडलेला. पाटावर माझ्या तेवीसच्या तेवीस कानशी, लाकडाच्या मोळीसारख्या एकीवर एक रचलेल्या. प्रत्येकीवर ओल्या हळदीकुंकवाची बोटं. वर झेंडूचा हार. मी एक उचलली तर हात बुळबुळीत झाला. खोबरेल तेल! आणि शेजारी पितळी निरांजनात कापराची काजळी. माझ्या पुरचुंडीतला कापूर.

माझं डोकं सणकलं. मी वर जाऊन बेल दाबली ती दार उघडेपर्यंत सोडली नाही.

"या या, दशरथराव!" साहेब खुशीत होते. "पाहिलीत? आज खंडेनवमी ना. यार्डात कोण करणार पूजा? म्हटलं, घरात एवढी हत्यारं आहेत. आधी साबणाने स्वच्छ धुतली, हळदकुंकू वाहिलं, शेवटी तेलाचा हात फिरवला. गंज नको."

"कोणाला विचारून हात लावला तुम्ही?"

त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. "अहो, तुम्ही घरी नव्हता."

"नव्हतो तर थांबायचं होतं."

"मुहूर्त टळला असता. आणि फळीमागे कापूर दिसला. म्हटलं, दशरथरावांच्या मनात आहे, पण तुमच्यात चालत नाही म्हणून गुपचूप ठेवतात. म्हणून मीच केलं सगळं. तुमच्यात नसते पूजा, निदान हत्यारांची तरी होऊ दे."

निदान! बारा वर्षं मी त्यांच्याकडच्या मोदकांना हो म्हणालो, सत्यनारायणाच्या खुर्च्या लावायला गेलो. त्या बारा वर्षांत आमच्या कार्यक्रमाला या म्हटलं की त्यांना दर वेळी काम असायचं. आणि हे माझ्या फळीमागे काय आहे ते बघून माझ्या मनात काय आहे ते ठरवणार!

"कापूर गंजासाठी आहे साहेब. आणि तेल लावलेली कानस घासत नाही, घसरते. कीस दातांत चिकटून बसतो. उद्या सातला माझी परीक्षा आहे, तुम्हाला ठाऊक आहे. मी चाललो सगळं धुवायला."

"छे छे, आज नाही!" ते खरंच घाबरले. "पूजेतली हत्यारं उद्या पूजा उतरवल्याशिवाय उचलायची नसतात. उद्या स्टोअरमधल्या घ्या ना, मी सांगतो त्यांना. उचललीत आणि काही वेडंवाकडं झालं, तर मला बोलू नका हं."

"तुमच्या सुटकेसा पूजेला लावा," मी म्हणालो. "माझ्या कानशी मी उचलतो."

मी तसाच खाली आलो. प्रभावतीने एकदा पाटाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"आता भडकत बसता का काम करता? उद्याला लागते त्या आधी काढा."

"त्या माणसाला मी..."

"त्या माणसाचं मग पाहू. रॉकेल कुठं ठेवलं?"

आम्ही तिघं ओसरीत बसलो. मी रॉकेलमध्ये कानशी बुडवून तारेच्या ब्रशने दातांच्या रेषेत घासत होतो. हळद तेलात मिसळून दातांत अशी बसली होती की पिवळा लगदा निघतच राहिला. श्रावस्ती जुना टूथब्रश घेऊन माझ्या शेजारी.

"बट बाबा, व्हाय डिडन्ट ही जस्ट आस्क?" तिने विचारलं.

बारा वर्षांच्या पोरीला जे सुचलं ते त्यांना सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "विचारायचं असतं असं त्यांना वाटतच नाही, बेटा." हे म्हणताना मला जितका राग आला तितका वर त्यांच्या दारातही आला नव्हता.

प्रभावती केस वाळवायच्या मशीनने एकेक कानस वाळवत होती. जेवायच्या वेळेपर्यंत पाच झाल्या. चार बऱ्या. पाचवी, पितळेसाठीची सगळ्यात बारीक कानस, जी चौकोनाचा शेवटचा हात मारायला लागते, ती ढिगाच्या तळाशी होती. खरबरीत कानशीखाली दबून तिच्या एका कडेचे दात गेले होते आणि उरलेल्यांत तेलाचा अंश होताच. तेल शोषलं जावं म्हणून मी तिला खडू चोळला, झटकला, परत चोळला. दुसरी नव्हती.

सकाळी यार्डातल्या वर्कशॉपमध्ये परीक्षेला आम्ही सहा जण. मुख्य परीक्षक ताहिर, तिथलाच, पांढऱ्या मिशांचा. त्याने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "यल्ला, शुरू करो." गुरुप्रसाद साहेब टेबलाशी कागद घेऊन बसले होते. माझ्या फडक्यातल्या कानशी पाहून त्यांनी नाराजीने मान हलवली.

लोखंडाचं काम सरळ गेलं. पितळेच्या शेवटच्या हाताला ती बारीक कानस दोनदा घसरली. मी थांबलो. चांगल्या कडेकडून, अर्ध्याच अंगाने, दर चार हातांना खडू लावत घासायला लागलो. दुप्पट वेळ लागला. बाजूचे लोक तुकडे देऊन मोकळे झाले. खांदा भरून आला, घाम पट्टीवर पडू नये म्हणून मान वाकडी धरली. ताहिर "टाइम" म्हणाला तेव्हा मी चौथी बाजू पुसत होतो.

बाकी पाचांच्या तुकड्यांत कुठे ना कुठे उजेड दिसला होता. ताहिरने माझा चौकोन भोकात ढकलला. अंगठ्याने दाबल्यावर गेला. काढला, फिरवला, परत बसवला. चारही वेळा खिडकीकडे धरून एक डोळा मिटून पाहिलं.

"जेन," तो म्हणाला. "बहोत अच्छा. खलास, अब तुम फोरमन."

गुरुप्रसाद साहेबांनी सही केली, उठले आणि माझा हात हातात घेतला. चेहरा खरोखर आनंदाने फुललेला.

"बघा! मी म्हटलं नव्हतं? पूजा फळाला आली."

मी हात सोडवून घेतला. "आणि नापास झालो असतो तर, साहेब?"

"आता कशाला ते अभद्र?"

"नाही, सांगा. काय म्हणाला असता?"

ताहिरला मराठी येत नव्हतं, पण तो कागद आवरायचा थांबला. साहेब पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. शेवटी खोटं बोलले नाहीत, एवढं मात्र खरं.

"म्हटलं असतं कदाचित... की पूजेतल्या उचलल्या म्हणून."

"म्हणजे पास झालो तर तुमची पूजा आणि नापास झालो तर माझं पाप. मग या हातांनी दोन तास इथे काय केलं?"

टेबलावर माझ्या नावाचा कागद तसाच पडला होता, सही होती, शेऱ्याची जागा कोरी होती. त्यांनी तो हळूच पुढे ओढला आणि मान खाली घालूनच विचारलं, "काय लिहू?"

"जे पाहिलंत ते लिहा," मी म्हणालो, आणि त्यांचं लिहून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.