लाल सिग्नलवरची विनोदिनी

भय्यासाहेबांना आयुष्यात कुणी गुन्हेगार म्हटलं नव्हतं, आणि बुधवारी सकाळी मुक्ताने त्यांना नेमकं तेच व्हायला सांगितलं.

"फक्त दीड तास, काका," ती म्हणाली. "आणि गुन्हा खोटा आहे. स्क्रीनवरचा."

"खोटा म्हणजे तर अजून बेकार," भय्यासाहेब पोह्यांवर शेव पसरत म्हणाले. "खऱ्या गुन्ह्याला निदान जमानत तरी मिळून जाते."

नाव भारदस्त होतं, पूर्वज शिंदे सरकारांच्या दफ्तरात कारकून होते म्हणे, पण या भय्यासाहेबांनी हयात घालवली ती मालगाडीच्या इंजिनात. उज्जैनहून निघायचं ते कधी गोध्र्याला, कधी कोट्याला, आणि परत केव्हा येणार ते रेल्वेलाच ठाऊक. रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. आता माधव नगरच्या घरात ते बायकोच्या, म्हणजे जयूकाकूंच्या, पायात पायात करत आणि दोन्ही वेळच्या भाजीवर मत देत. मुक्ता ही त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. आईवडिलांच्या सारख्या बदल्या, म्हणून शाळेपासून ती इथेच वाढली आणि इथेच राहिली.

मुक्ता जिथे काम करायची ते ऑफिस फ्रीगंजात, टावर चौकाजवळ, एका साड्यांच्या दुकानाच्या वर होतं. खाली पैठणी आणि चंदेरी, वर खून आणि दरोडे. श्रीकांत नावाच्या तिच्या बॉसने तीन वर्षांपूर्वी 'बारह नाके' नावाचा गेम काढला होता. त्यात तुम्ही भैरव नावाचा गुंड व्हायचं. एक अख्खं शहर तुमच्यासाठी मोकळं, वाटेल ती गाडी उचला, वाटेल त्या गल्लीत घाला, पोलीस मागे लागले की पळा. गेम धो धो चालला. आता त्याच शहरातला एक वेगळा भाग काढायचा होता, असा की ज्याने पहिला गेम पाहिलासुद्धा नाही त्यालाही तो सुटा घेऊन खेळता यावा. तो भाग मुक्ताने लिहिला होता. त्यात खेळणाऱ्याने भैरव नव्हे, ऑटो चालवणारी विनोदिनी व्हायचं होतं.

गेम बाजारात आणणाऱ्या पुण्याच्या कंपनीला हे काही पचत नव्हतं. त्यांचा माणूस आज येणार होता आणि त्याची अट सरळ होती. ज्याने 'बारह नाके' कधी हातात धरला नाही अशा कुणालातरी दीड तास खेळायला बसवा. खोलीत कुणी एक अक्षर बोलायचं नाही. मग मी तीन प्रश्न विचारीन: ही बाई कोण, तिच्यावर काय गुदरलंय, तिला काय हवंय. उत्तरं आली तर हा भाग स्वतंत्र निघेल. नाही आली तर जुन्या गेमच्या शेपटाला बांधू, ऑटो भैरव चालवेल आणि विनोदिनी मागच्या सीटवर बसेल.

मागच्या सीटवर! हे ऐकून मुक्ता बाथरूममध्ये जाऊन रडली होती. आठ महिने ती त्या बाईबरोबर उठली-बसली होती. पण अडचण अशी की फ्रीगंजात आणि आसपास 'बारह नाके' न खेळलेला माणूस शोधायचा म्हणजे महाकालाच्या रांगेत नास्तिक शोधण्यासारखं होतं. श्रीकांतचे भाचे खेळले होते, साडीवाला खेळला होता, साडीवाल्याचे सासरेही खेळले होते. उरले भय्यासाहेब.

पुण्याचा माणूस विहंग, वय बत्तीस-तेहतीस, मराठी इतकी शुद्ध की समोरच्याला आपले कपडे चुरगळल्यासारखे वाटावेत. "आपण प्रारंभ करूया का?" त्याने विचारलं.

"करून टाका," भय्यासाहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पाठ ताठ केली, हातातला कंट्रोलर दोनदा उलटसुलट पाहिला आणि पहिल्या तीन मिनिटांत ब्रेक, हॉर्न आणि वळण समजून घेतलं. हँडलाशी त्यांचं जुनं नातं होतं.

स्क्रीनवर विनोदिनी घराबाहेर आली. अंगणात पिवळी-हिरवी ऑटो उभी होती.

"ही कुणाची आहे?" भय्यासाहेबांनी विचारलं.

कुणी बोललं नाही. त्यांनी विनोदिनीला ऑटोभोवती एक पूर्ण चक्कर मारायला लावली, तेव्हा काचेवर चिकटवलेला परमिटचा कागद दिसला, त्यावर तिचं नाव. "घरची आहे. मग ठीक," म्हणून ते निघाले. वर अक्षरं झळकत होती: भैरव घाटावर आहे, लवकर पोहोचा! मुक्ताला हायसं वाटलं. घाट तीन मिनिटांवर होता.

दुसऱ्याच चौकात सिग्नल लाल होता.

भय्यासाहेबांनी ऑटो रेषेच्या आत उभी केली, उजवा हात उंचावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सिग्नल लाल!"

मग त्यांनी डावीकडे पाहिलं. डावीकडे विहंग बसला होता. इंजिनात ड्रायव्हरने सिग्नल पुकारला की सहायकाने तो परत पुकारायचा असतो, त्याशिवाय गाडी पुढे जात नाही. चाळीस वर्षांची सवय ती, खुर्चीवर बसल्याने थोडीच जाते. भय्यासाहेब हात वर धरून वाट पाहत राहिले. "सिग्नल लाल!" त्यांनी पुन्हा पुकारलं.

"लाल," विहंग शेवटी पुटपुटला आणि स्वतःचाच नियम मोडल्याबद्दल ओशाळला.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पाच गेली. मागे गाड्या हॉर्न वाजवत होत्या, वर अक्षरं लवकर पोहोचा, लवकर पोहोचा म्हणून नाचत होती. खोलीच्या कोपऱ्यात आल्हादचा चेहरा मात्र उतरत चालला होता. शहराचे रस्ते आणि वाहतूक या आल्हादने बनवली होती. त्याने सिग्नल रंगवले होते झकास, खांबावर धूळसुद्धा दिली होती, पण लाल जाऊन हिरवा येईल अशी सोय काही केली नव्हती. तीन वर्षांत लाखो लोक खेळले आणि एकाचीही तक्रार आली नाही, कारण एकही माईचा लाल थांबला नव्हता.

मुक्ताने ओठ दाताखाली दाबले. ओरडावंसं वाटत होतं, काका, जा ना! पण बोललं की परीक्षा बाद. श्रीकांत कपाळाला हात लावून बसला.

"कंट्रोल रूमला विचारा," भय्यासाहेब शांतपणे म्हणाले. "सिग्नल खराब असेल तर लेखी मिळायला पाहिजे. असं तोंडी मी नाही निघणार."

आणि मग विनोदिनी बोलायला लागली.

ऑटो उभी असली की ती आपल्याशीच बोलेल असं मुक्ताने लिहिलं होतं. जगाशी हिंदीत आणि एकटी असली की मराठीत. इंदूरच्या एका नटीने ते पस्तीस मिनिटांचं बोलणं मन लावून रेकॉर्डही केलं होतं. पण ऑफिसात खेळून पाहणारे सगळे सुसाट, ऑटो उभी करतो कोण? श्रीकांत तर ते त्यात आहे हेच विसरून गेला होता.

"अहो, ऐकलं का?" विनोदिनी रिकाम्या ऑटोत म्हणत होती. "गॅसवाल्याने आज परत चक्कर मारायला लावली. मी म्हटलं, घरात पुरुषमाणूस आहे, त्याला पाठवते तुझ्याकडे, मग बघ. खोटंच. तुमच्या चपला मी अजून दाराबाहेर काढून ठेवते. दिसल्या की लोक नीट बोलतात."

श्रीकांतने कपाळावरचा हात काढला.

"त्या दिवशी डबा न घेता निघालात. मेथीवरून भांडलो होतो आपण. मेथीवरून कुणी भांडतं का हो? मी डबा घेऊन फाटकापर्यंत पळत आले होते, तुम्ही वळून नाही पाहिलं. आणि मग चौकात तो भैरव. त्याची शर्यत चालली होती ना. तुमची ऑटो उडवली आणि थांबलासुद्धा नाही. मी मागोमाग आले होते हो, डबा हातात घेऊन. त्याने मागे वळून पाहिलं असतं तरी चाललं असतं मला."

भय्यासाहेबांचा उंचावलेला हात केव्हा खाली आला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पुढे झुकून ऐकत होते. बोलणं संपलं, क्षणभर थांबलं आणि पहिल्यापासून सुरू झालं. अहो, ऐकलं का? भय्यासाहेबांनी तेही शेवटपर्यंत ऐकलं.

एक तास वीस मिनिटं झाली तेव्हा विहंगने खिशातून पेन काढलं. वहीचं पान फाडून त्याने त्यावर काहीतरी लिहिलं आणि भय्यासाहेबांपुढे धरलं. 'सिग्नल नादुरुस्त. सावकाश पुढे जाण्यास परवानगी.' खाली सही.

"टाइम टाका," भय्यासाहेब म्हणाले. विहंगने वेळ टाकली. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला, लांब हॉर्न दिला आणि माणूस चालतो त्या वेगाने ऑटो चौकापार नेली. पुढच्या गल्लीत वळताहेत तोच वेळ संपली.

घाट काही आला नाही. भैरव दिसला नाही. दीड तासात मुक्ताच्या गेममधले जेमतेम दोन चौक पाहून झाले होते.

"ही बाई कोण?" विहंगने विचारलं.

"ऑटोवाल्याची बायको. आता स्वतः चालवते."

"तिच्यावर काय गुदरलंय?"

"नवरा गेला. त्या भैरवने उडवला आणि निघून गेला. बघा, मालगाडी थांबत नाही, मला माहीत आहे. ब्रेक मारला तरी किलोमीटरभर जाते, आणि आपण आतमध्ये नुसते बसून राहतो. पण हा तर साध्या मोटारीत होता. हा थांबू शकत होता."

विहंगने वहीत लिहून घेतलं. "आणि तिला काय हवंय? सूड?"

"छे! मारून काय करेल? मग उत्तर कोण देईल तिला?" भय्यासाहेब वैतागलेच. "थांबला का नाहीस, एवढंच विचारायचं आहे. नीट ऐकलं नाही का तुम्ही? दोन वेळा तर बोलली."

विहंगने पेनाचं टोपण लावलं. "पहिल्या गेममध्ये ती ऑटो उडवली की पन्नास गुण मिळतात," तो म्हणाला, आणि आता त्याची मराठी तितकी इस्त्रीची राहिली नव्हती. "मी चाळीसेक वेळा उडवली असेल. आत कोणी आहे हे डोक्यातच नाही आलं कधी." मग तो मुक्ताकडे वळला. "स्वतंत्र काढू. ऑटो तीच चालवेल."

मुक्ताने आनंदाच्या भरात आल्हादला मिठी मारली, श्रीकांतने चौकातून सगळ्यांसाठी कचोऱ्या मागवल्या. विहंगला सुचलं की विनोदिनीचं बोलणं संपेपर्यंत तो सिग्नल लालच ठेवावा. भय्यासाहेबांनी मात्र ते साफ उडवून लावलं. "सिग्नल आहे तो. सुटलाच पाहिजे. ज्याला ऐकायचं आहे तो बाजूला लावून ऐकेल," ते म्हणाले, आणि कचोरीचा दुसरा तुकडा चटणीत बुडवला.

परतताना ते मुक्ताच्या स्कूटरवर मागे बसले होते. पूल उतरल्यावर त्यांनी विचारलं.

"मुक्ता, ती चपलांची बात तू कुठून आणली?"

मुक्ताला हा प्रश्न येणार हे पहिल्या वेळी बोलणं सुरू झालं तेव्हाच कळलं होतं, आणि तेव्हापासून तिला अपराध्यासारखं वाटत होतं. "काकूकडून," ती म्हणाली. "मेथीचंही तिचंच आहे."

"तुला केव्हा सांगून राहिली होती?"

"मला नाही सांगितलं, काका. तुम्हाला. तुम्ही गाडी घेऊन लाइनवर असायचे ना, तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता तुमच्याशी बोलायची. मी तिथेच ओट्याखाली बसून अभ्यास करायची. तिला वाटायचं, मी ऐकत नाही."

"रोज?"

"रोज."

स्कूटर माधव नगरला थांबली तसे भय्यासाहेब उतरून थेट आत गेले.

जयूकाकू स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. "काय, केली का चोरी?" त्यांनी हसून विचारलं. जिथे भय्यासाहेब कधी बसत नसत त्या स्टुलावर, ओट्याजवळ, ते बसले.

"जयू, बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. गॅसवाला, शेजारीण, काहीही. मी ऐकून राहिलो आहे."

काकूंनी मुक्ताकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. "आता काय राहिलंय बोलायचं?" त्या म्हणाल्या. "बोलायचं ते सगळं बोलून झालं हो माझं. तुम्ही लाइनवर होता तेव्हाच."

आणि अर्ध्या शेंगा त्यांनी नवऱ्यापुढे सरकवल्या.

भय्यासाहेबांनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे ताटलीत टाकले. "मग परत बोल," ते म्हणाले. "आता मी कुठेच जाणार नाही आहे."