ब्रदर लायलचा गरम हात

गुरुवारी संध्याकाळी डॉटीच्या बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि जेवढे होते तेवढे सगळे एका माणसाच्या तळहाताकडे टक लावून बघत होते. तो तळहात ब्रदर लायलचा. ब्रदर लायल म्हणजे पूर्वी गाद्या विकणारा आणि हल्ली डोळे मिटून भविष्य सांगणारा एक गुबगुबीत इसम. भिंतीवरच्या टीव्हीवर सामन्याआधीची बडबड चालू होती. लंगडत सराव करणाऱ्या एका खेळाडूचं चित्र आलं, तसा तो स्टुलावर चढला आणि त्याने त्या चित्रावर हात टेकला. सगळा बार चिडीचूप झाला. आत तळणीतलं तेल तेवढं चरचरत राहिलं.

"थंड आहे," ब्रदर लायल म्हणाला. मग नाकाने लांब श्वास घेऊन, "पण आतून ऊब सुटते आहे. रविवारी हा पळेल. पुरता नाही, पण पळेल."

"पुरता नाही, पण पळेल," हर्बीने शेजाऱ्याला समजावून सांगितलं. शेजाऱ्याने मान डोलावली.

कोपऱ्यातल्या टेबलावर ग्रेटा लिंडक्विस्ट माशाचं सँडविच खात बसली होती. तिला हसावं की उठून जावं ते कळेना. पळाला तर महाराज खरे, कमी पळाला तरी महाराज खरे, आणि अजिबात नाही पळाला तर ऊब वाटेत अडली असणार. ग्रेटा गावच्या शाळेची फिजिओ. फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचे घोटे बांधणं, गुडघे तपासणं आणि कोणाला मैदानात सोडायचं, कोणाला बाकावर बसवायचं हे सांगणं तिचं काम. त्यामुळे गुडघा या विषयावर दारूच्या दुकानात चाललेलं प्रवचन ऐकताना तिच्या तोंडचा घास कडू होत होता.

वेड सगळं त्या कागदी फुटबॉलचं. डॉटीच्या बारमध्ये बारा जणांची लीग होती. मोसम सुरू होण्याआधी या बारा जणांनी खरे, मोठे, टीव्हीवरचे खेळाडू आपसात वाटून घेऊन आपापले संघ केले होते. खेळाडूने रविवारी मैदानावर पळायचं आणि गुण यांनी सोफ्यावर बसून घ्यायचे. जो शेवटचा येईल त्याने कोंबडीचा वेश करून गावच्या मोठ्या चौकात दिवसभर उभं राहायचं, असा यांचा रिवाज. गेल्या वर्षी ती पाळी अर्ल यानोश्कोवर आली होती. अर्ल छपरं घालायची कामं करतो. ज्यांची छपरं त्याने घातली ते सगळे गाडीचा हॉर्न वाजवत त्याच्यासमोरून गेले होते.

या वर्षी अर्लच्या वाट्याला टिल्मन आला होता. टिल्मन हा चेंडू घेऊन पळणारा गडी, पण मांडी लचकून बसलेला, आणि त्याच्या खऱ्या संघात त्याच एका जागेसाठी आणखी दोघे टपलेले: रूनी आणि प्रुइट. असल्या गर्दीतला दुखावलेला खेळाडू म्हणजे कागदी संघाला नुसतं ओझं. अर्ल त्याला काढून टाकायच्या बेतात होता. तेवढ्यात ब्रदर लायल उगवला, टीव्हीला हात लावला आणि म्हणाला, "टिल्मनला सोडू नका." त्या रविवारी टिल्मन असा काही पळाला की अर्लची लीगमधली जागा तळातून थेट वर गेली. त्या दिवसापासून ब्रदर लायलची बिअर फुकट झाली. तो पैसे घेत नाही असं सगळे अभिमानाने सांगत. काउंटरवर त्याचा एक कॉफीचा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेला, आणि त्याकडे तो कधी बघत नसे, एवढंच.

"हात लावून बघा, दादांनो," स्टुलावरून उतरून ब्रदर लायल सांगत होता. "मी कुणाला बरं करत नाही. मी कोण बरं करणारा? ऊब जमिनीची. ती टाचेतून चढते, गुडघ्यात थबकते. थबकली की दुखणं. माझा हात म्हणजे नुसती किल्ली."

गाद्या विकताना हीच ऊब कंबरेत थबकायची.

माणसं रांगेने पुढे होऊन त्याचा तळहात आपल्या मनगटाला लावून घेत होती. जरा वेळाने मनगट खरंच तापायचं. दाढीवाले बाप्ये मनगटं धरून एकमेकांकडे बघत आणि हळू आवाजात बोलत. मग ब्रदर लायल आपल्या टेबलावर गेला आणि समोर आलेल्या कोंबडीच्या लालभडक तिखट पंखांवर काट्याचमच्याने हल्ला सुरू केला. त्या बारमध्ये जन्मापासून कोणी पंख काट्याने खाल्ले नव्हते. सगळे हाताने खात, बोटं चाटत, शर्टाला पुसत.

"मोठ्या माणसांचं असंच असतं," हर्बी आदराने म्हणाला. "बोटं माखून घेत नाहीत."

ग्रेटाचं चावणं थांबलं. तिने त्या काट्याकडे बघितलं. ब्रदर लायलच्या नाकाला खाज सुटली, तर त्याने खांदा वर करून नाक बाहीला घासलं. हात मात्र चेहऱ्याजवळ नेला नाही. ते बघून तिला जे कळायचं ते कळलं. तरीही ती गप्प राहिली. घोड्याएवढ्या माणसांना आपले रविवार मातीत घालायचे असतील तर घालू देत, असं तिचं मत होतं.

मग दार उघडलं आणि अर्ल आत आला. त्याच्यामागून त्याचा मुलगा टॅनर, एक पाय जपून टाकत.

टॅनर शाळेच्या संघात तीच जागा खेळायचा, चेंडू घेऊन पळायची. तिथेही त्याच्याबरोबर आणखी दोन पोरं त्याच जागेवर डोळा ठेवून होती. गेल्या सामन्यात त्याच्या गुडघ्यातली कूर्चेची गादी फाटली. मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, मोसम संपला, आता शस्त्रक्रिया. आणि उद्याच्या सामन्याला कॉलेजचा माणूस पोरं हेरायला यायचा होता. अर्लने ओळखीतल्या एका डॉक्टरकडून खेळायला हरकत नाही अशी चिठ्ठी मिळवली होती. तशी चिठ्ठी आली की शाळेत ग्रेटाच्या शब्दाला कोणी विचारत नसे.

"ब्रदर, पोराचा गुडघा बघता का?" अर्ल म्हणाला. "उद्या खेळायचंय त्याला."

क्षणभर ब्रदर लायलच्या चेहऱ्यावर गादीवाल्याची जुनी भीती दिसली, गिऱ्हाईक पावती मागतं तेव्हाची. पण सगळा बार बघत होता. त्याने काटा खाली ठेवला, टॅनरला खुर्चीवर बसवलं, त्याची पॅन्ट वर सारली आणि सुजलेल्या गुडघ्यावर तळहात चोळायला लागला. "चढते आहे," तो पुटपुटला. "टाचेतून चढते आहे. वाट दे पोरा, अडवू नकोस."

"अर्ल," ग्रेटा उठून जवळ आली, "त्याच्या गुडघ्यातली गादी फाटलीय. उद्या कोणी आडवा आला तर तो आयुष्यभर लंगडेल. काल आपलं बोलणं झालंय यावर."

"तू बोललीस. मी ऐकलं," अर्ल म्हणाला. "टिल्मनबद्दलही सगळे डॉक्टर असंच बोलत होते."

"टिल्मनची मांडी लचकली होती. हे वेगळं आहे."

"लचकलं, फाटलं, तुमचे शब्द गं. उद्या हा बसला तर ती दुसरी दोन पोरं जागा घेतील आणि मग कोण विचारतो याला? छपरावर चढेल माझ्यासारखा."

"गरम लागतंय," टॅनर हळूच म्हणाला.

बारमधून एक लांब सुस्कारा उठला. कोणीतरी टोपी काढली. ब्रदर लायलने डोळे मिटून मान मागे टाकली आणि अर्लच्या डोळ्यांत पाणी तरारलं. ते पाणी बघून ग्रेटाचा संताप अनावर झाला, कारण ते खरं होतं आणि एका गादीवाल्याच्या पायावर सांडत होतं.

"हर्बी," ती म्हणाली, "इकडे ये. आधी साबणाने हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

"मी? का गं?"

"ब्रदरची सेवा करायचीय ना तुला? मग धू."

हर्बी हात धुऊन आला. ग्रेटाने सांगितलं, आता एक बोट खालच्या ओठावरून फिरव. त्याने फिरवलं. सगळ्यांनी वाट बघितली. काही झालं नाही.

"आता त्याच हाताने ब्रदरचा तळहात घट्ट धर, आणि मग तेच बोट वरच्या ओठावरून फिरव."

"हा पोरखेळ कशाला, बाई," ब्रदर लायल हात मागे घेत म्हणाला. "श्रद्धेची परीक्षा घेऊ नये."

"मग तुम्ही स्वतःच डोळा चोळा. तुमचाच हात, तुमचाच डोळा. लगेच विषय संपवू."

ब्रदर लायलने डोळा चोळला नाही. हर्बीला वाटलं, महाराजांचा अपमान होतोय. त्याने पुढे होऊन दोन्ही हातांत तो तळहात धरला, चांगला दाबला आणि मोठ्या भक्तिभावाने बोट वरच्या ओठावरून फिरवलं. थोडा वेळ तो हसत उभा होता. मग हसू गेलं. मग त्याने ओठ आत घेतला, बाहेर काढला, आणि तोंडाने वारा घालत काउंटरकडे धावला. डॉटीने न विचारता दुधाचा ग्लास पुढे केला.

"मिरचीचं मलम," ग्रेटा म्हणाली. "सांधेदुखीचं. औषधाच्या दुकानात कोणालाही मिळतं, माझ्या पिशवीतही आहे. त्याला वास नाही, रंग नाही. लावल्यावर जरा वेळाने कातडी भाजते. तळहाताची कातडी जाड, तिला पत्ता लागत नाही. मनगटाला लागतो, गुडघ्याला लागतो. पोरांच्या पाठीला मी ते हातमोजे घालून लावते. हातमोजे नसले की माणूस चेहऱ्याला हात लावत नाही. आणि पंख काट्याने खातो."

सगळ्यांनी त्या काट्याकडे बघितलं.

"बाकी कोणाच्या ओठाची आग झाली असेल तर त्याला वाटलं असेल, पंख तिखट होते," डॉटी सावकाश म्हणाली. "माझे पंख तेवढे तिखट नसतात. कधीपासून सांगतेय मी."

"ठीक आहे, मलम तर मलम," अर्ल म्हणाला. तो पांढरा पडला होता, पण माघार घेत नव्हता. "त्याला माध्यम लागत असेल. पण टिल्मन? टिल्मनचं कसं कळलं त्याला? मलमाने कळलं?"

ग्रेटाने फोन काढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून नदीपारच्या गावातल्या बारचा मालक व्हर्न बोलला.

"व्हर्न, मी ग्रेटा, शाळेची. तुमच्याकडे टीव्हीला हात लावणारा एक जण आला होता म्हणे. तुमच्या शाळेची फिजिओ बोलली गेल्या शुक्रवारी. टिल्मन, रूनी, प्रुइट, यांतलं कोणाचं नाव सांगितलं त्याने?"

"तू कुठल्या लीगची?" व्हर्नने लगेच विचारलं. "लीगची गोष्ट लीगबाहेर जात नाही."

"मी कुठल्याच लीगची नाही. मला कागदी फुटबॉल कळत नाही."

व्हर्नने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "रूनी. आम्ही सगळ्यांनी रूनीला धरून ठेवलं आणि तो मेला रविवारभर बाकावर पाणी पीत बसला. तो हातवाला परत दिसला नाही. दिसू देच. आणि हे कुणाला सांगू नकोस, आधीच लाज गेलीय."

"आणि पलीकडच्या गावात?"

"तिथलं मला काय माहीत? पण माझा मेहुणा तिथल्या लीगमध्ये आहे, आणि तो प्रुइटचं नाव काढलं की शिव्या देतो."

ग्रेटाने फोन बंद केला. "जागा एक, पळणारे तीन," ती म्हणाली. "म्हणून बार तीन. प्रत्येक बारमध्ये वेगळं नाव सांगायचं. एका ठिकाणी खरं ठरणारच, मग तिथे मुक्काम ठोकायचा. उरलेल्या दोन गावांत तोंड दाखवायचं नाही. आणि तुम्ही लोक असे शहाणे की कानात पडलेली गोष्ट दुसऱ्या लीगला कळू नये म्हणून जीव गेला तरी बोलणार नाही. हरलेले लाजेने गप्प, जिंकलेले लोभाने गप्प. ब्रदरला काही करावंच लागलं नाही. त्याचं गुपित तुम्हीच सांभाळलंत."

ब्रदर लायल तोवर कॉफीचा डबा काखेत मारून दाराशी पोचला होता. त्याला कोणी अडवलं नाही. "ज्याची ऊब त्याला लखलाभ," असं काहीतरी तो म्हणाला, आणि भान विसरून डोळे पुसायला गेला. बाहेरून ओरडण्याचा आवाज आला. पाणी घेऊन कोणी धावलं नाही.

"पण टिल्मनचं खरं झालं ते झालंच की," दुधाच्या ग्लासामागून हर्बी म्हणाला. असा एक जण प्रत्येक गावात असतो.

"झालं ना. जे खरं झालं ते तुझ्यासमोर झालं," ग्रेटा त्याला म्हणाली. "जे खोटं झालं ते कुठे झालं, हे विचारायला तू कधी नदीपलीकडे गेलास का? चमत्कार दिसला की एवढं तरी विचारत जा रे. खोटं ठरलेलं कुठे ठेवलंय ते दाखवा म्हणावं. आणि अर्ल, तू तर तेवढंही करायची गरज नव्हती. तू टीव्हीला विचारलंस, हाताला विचारलंस, चिठ्ठीवाल्या डॉक्टरला विचारलंस. ज्याचा गुडघा आहे तो तुझ्या घरात राहतो."

अर्लने मुलाकडे बघितलं. टॅनर मान खाली घालून गुडघ्यावरची लाली ओल्या कपड्याने पुसत होता.

"दुखतंय का रे?" अर्लने विचारलं.

"गरम लागतंय."

"ते नाही. आत."

"हो," टॅनर म्हणाला. "जिना उतरताना. रात्री कूस बदलताना पण."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही विचारलंच नाही, डॅड."

अर्लने खाली वाकून पोराची पॅन्ट नीट केली, त्याच्या काखेत हात घालून त्याला उठवलं, आणि दोघे दाराकडे निघाले, पोराला झेपेल अशा चालीने.