आत्याबाईंच्या मिशा

भिंगरीच्या पाचव्या वाढदिवसाला आत्या आली ती मिशांसकट.

"केवढी वाळलीस गं," दारातूनच ती भिंगरीला म्हणाली. "आई जेवायला घालते की नुसती पुस्तकं वाचून दाखवते?"

हा टोमणा मला होता. आत्या म्हणजे माझे बाबा. अंगात बायकी तपकिरी कोट, डोक्याला रुमाल, आवाज नाकातून. आम्ही परदेशात आलो तेव्हा मी भिंगरीपेक्षाही लहान होते आणि नातेवाईक सगळे मागे राहिले होते. इथल्या पहिल्याच वाढदिवसाला मी विचारलं, मामा कधी येणार? बाबा उठले. बाहेर गेले, दार ओढून घेतलं, बेल वाजवली आणि मामा होऊन आत आले. तेव्हापासून दरवर्षी मामा, काका, आत्या असे एकेक करून यायचे. बाबा लाँड्रीत इस्त्रीला होते. लोक कपडे टाकून जातात आणि न्यायला विसरतात. असे पडून राहिलेले कोट मालक त्यांना एका दिवसापुरते द्यायचा. माझं लग्न झालं, भिंगरी झाली, तरी पाहुण्यांचं येणं थांबलं नाही. मामाचे फक्त मामाआजोबा झाले.

"आत्याआजी, तुम्हाला मिशा का?" भिंगरीनं विचारलं.

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, अशी म्हण आहे," माझी आई चहा गाळता गाळता म्हणाली. "आपल्या आत्याबाईंना आहेत, तरी आत्याच म्हणायचं. नाहीतर रुसतात."

ही आत्या आईच्या फार सोयीची होती. खऱ्या नणंदेला जन्मात बोलता आलं नाही ते ती या नणंदेला ऐकवायची.

"बसा वन्सं. माझ्या लग्नात कोपऱ्यात फुगून बसला होतात, तशा नका बसू."

"मी फुगले नव्हते, वहिनी. चप्पल चावत होती."

"पंगती उठेपर्यंत?"

"नवी होती ना."

माझा नवरा हसून हसून भिंतीला टेकला.

"आणि आजोबा कुठायत?" भिंगरीनं विचारलं.

"असायचाय कुठे, दुकानात. माझा भाऊ कामाला वाघ आहे हो."

हे उत्तर ठरलेलं. माझ्या लहानपणीही पाहुणे घरात असेपर्यंत बाबा दुकानात असायचे. वाढदिवसाला सगळं गणगोत यायचं, आणि स्वतः बाबा मात्र कधीच यायचे नाहीत.

संध्याकाळी बाबा कप विसळत होते, मी पुसत होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बाळ, तुला लहानपणी माणसं कमी पडली का गं?"

हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. पण इतकी वर्षं ते बेल वाजवत होते ते याच काळजीपोटी, हे मला माहीत होतं. आमच्याकडे असलं काही बोलून दाखवायची पद्धत नाही.

"तो कप तडकलाय," मी म्हणाले. "बाजूला ठेवा."

त्यांनी ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात, इस्त्रीच्या टेबलापाशीच ते कोसळले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतरच्या वर्षात मी दुःखावर लिहिलेलं बरंच वाचलं. सगळेच लेखक माझ्यापेक्षा छान रडत होते.

भिंगरीचा पुढचा वाढदिवस आला तेव्हा नुसता केक कापायचा असं मी ठरवलं होतं. भिंगरीनं मात्र सकाळीच घरातल्या सगळ्या खुर्च्या ओळीनं मांडल्या.

"आत्याआजी किती वाजता येणार?"

"या वर्षी कोणी येणार नाही, राणी."

"का?"

"आजोबा गेले ना आपले."

"आजोबा गेले," ती शांतपणे म्हणाली. "आत्याआजीला काय झालं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. वर्षभरात ते घरात ऐकलं नव्हतं.

"पोरीचं खरंय," ती हात पुसत बाहेर आली. "नणंदेला काय धाड भरलीय?"

तिनं बाबांचा स्वतःचा कोट अंगात चढवला आणि बाहेर गेली. बेल वाजली.

"माझी वहिनी कुठाय?" आवाज नाकातून. "घरात नाही? बरंच झालं, कुणाची तोंडावर स्तुती करू नये. अशी वहिनी दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. भावाचं नशीबच थोर माझ्या."

भिंगरीनं तिला खालून वर न्याहाळलं. "मिशा कुठायत?"

"वाढदिवसाला यायचं म्हणून काढून आले."

मग माझ्या नवऱ्याला बाहेर पिटाळलं. तो मामा होऊन आला तो इतका लाजत, की भिंगरीनं त्याला परत पाठवून पुन्हा यायला लावलं. काकाही त्यालाच व्हावं लागलं. तोवर मीही हसायला लागले होते.

"आता मी," भिंगरी म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली.

बेल वाजली. मी दार उघडलं. ती हात मागे बांधून उभी होती. दिवसभर उभं राहून दमलेला माणूस करतो तसा अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर घेत होती.

"कोण आपण?" मागून आईनं विचारलं.

"मी. दुकान बंद करून आलो." ती आत आली, माझ्यासमोर उभी राहिली. "पाहुणे गेले का सगळे?"

हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. आई कोटाची बटणं काढत होती, ती थांबली. भिंगरी मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. खेळात विचारलं की उत्तर द्यावं लागतं.

"गेले," मी म्हणाले. "आत्ताच गेले. मामा, काका, आत्या, सगळे येऊन गेले. बाबा, मला माणसं कधीच कमी पडली नाहीत."