लगामाचा दोर

आसारामानं दोराचं टोक उचललं, तेव्हा बाकीची माणसं हात मागं घेऊन उभी होती. सकाळपासून तो दोर वाळूत तसाच पडून होता. तुळई साखळ्यांत बांधून झाली होती, ओझं उचलणाऱ्या यारीच्या दांड्यांना माणसं लागली होती, इतर तीन दोर ज्याचे त्यानं धरले होते. या चौथ्याकडं मात्र कुणी नजर वळवत नव्हतं. मुकादमानं हाका घातल्या, शिव्या घातल्या, शेवटी दुप्पट मजुरी बोलून बघितली. कुणी जागचं हललं नाही. मग खडीच्या ढिगाकडून आसाराम चालत आला, वाकला आणि त्यानं दोर हातात घेतला.

ओव्हरसियर साहेब लगबगीनं पुढं आले. हैदराबादकडचा उंच, अबोल माणूस. उन्हानं त्यांचं नाक सोललं होतं.

"तू नक्को, आसाराम. तेरा काम ऊपर का है."

"वर मुंजाजी बसंल, साहेब. त्येला येतंय."

"मैं दूसरा आदमी लाता."

"कुनी धरत न्हाई. बघताय न्हवं तुमी? मी धरतो."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. दहाव्याला काढलेले डोक्यावरचे केस अजून पुरते वाढले नव्हते. "हाथ कू लपेटना नहीं," एवढंच ते म्हणाले आणि यारीकडं वळले.

परळीकडं येणाऱ्या रेल्वेचा तो पूल. नदीत पाणी नावाला होतं. उरलेल्या पात्रात वाळू, काळे खडक आणि मधोमध घडीव दगडांचे खांब. त्या खांबांवर लोखंडाच्या लांबलचक तुळया चढवायच्या. यारी तुळईला मधोमध उचलायची, पण नुसतं उचलून भागत नसे. एवढं लांब लोखंड हवेत टांगलं की त्याला वारं लागतं. मग ते उघड्या दारासारखं फिरतं, समोर माणूस आहे का दगड, बघत नाही. म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन दोर बांधलेले असत. खाली उभी माणसं ते दोर ताणत, ढिले सोडत, तुळईचं तोंड सरळ ठेवत. माणसं त्याला लगाम म्हणत. आणि लगाम धरणाऱ्याला साहेबांची एकच सक्त ताकीद असे. वारं हाताबाहेर गेलं आणि 'छोड दो' अशी हाळी आली की मुठी उघडायच्या. लोखंडाशी माणसानं ओढाओढी करायची नाही. तुळई फिरेल, फिरू द्यायची. खांबावरच्या माणसानं तेवढा वेळ पालथं पडून राहायचं.

महिन्यामागं त्या दुपारी खांबावर आसाराम होता आणि याच दोराला त्याचा लेक धर्मराज.

फाल्गुनातलं वारं. सकाळभर पान हललं नाही आणि तुळई खांबाजवळ आली तशी एकाएकी वावटळ उठली. "छोड दो!" साहेब ओरडले. आसाराम हातातल्या पहारीसकट पालथा पडला, डोळे मिटले. साखळ्या करकरल्या. लोखंड जवळ आल्याचं त्याला अंगावरच्या सावलीवरून कळलं. ते आलं, तिथंच थरथरत थांबलं आणि मग हळूहळू मागं गेलं. वारं पडलं, असंच त्याला वाटलं. उठून बसत त्यानं परळीच्या वैजनाथाच्या दिशेनं हातसुद्धा जोडले. हात जोडलेले असतानाच खालून ओरडा ऐकू आला.

तीन दोर सुटले होते. चौथा सुटला नव्हता. तुळईनं धर्मराजला वाळूतून, खडकावरून फरफटत नेलं होतं आणि पुढच्या खांबासाठी खणलेल्या पायाच्या खड्ड्यात टाकलं होतं. आसाराम खाली उतरून पोचला तेव्हा माणसं खड्ड्याभोवती गोळा झाली होती आणि आत कुणी उतरत नव्हतं. उतरायची घाई उरली नव्हती.

साहेब त्या संध्याकाळी झोपडीशी आले, भुईवर बसले. जाताना म्हणाले, "मैं बोला था ना, छोड दो. सब कू सुनाई दिया." आपलं चुकलं का, हे ते जणू आसारामालाच विचारत होते. त्यांचं चुकलं नव्हतं. हाळी वेळेवर आली होती.

पण मग सगळ्यांनी सोडला आणि त्यानंच का सोडला नाही?

आसाराम, त्याची कारभारीण जानकीबाई, धर्मराज आणि त्याची बायको भिवरा, चौघं नांदूरघाटहून कामाला आलेली. धर्मराज आणि भिवरा महिनाभर मागनं आली. ज्वारीची काढणी उरकून. अपघाताच्या दिवशी सकाळी नवरा-बायकोचं वाजलं होतं. भिवराला माहेरी जायचं होतं, तो पूल होईस्तोवर थांब म्हणत होता. शब्दानं शब्द वाढला. धर्मराज पुढ्यातली भाकरी तशीच ठेवून उठला आणि कामावर गेला. शेजारच्या झोपड्यांतून सगळ्यांनी ते ऐकलं होतं. मग खडी उचलताना बायका कुजबुजायला लागल्या. राग डोक्यात घेऊन गेलता म्हणं. मुद्दामच सोडला न्हाई म्हणं.

ते भिवराच्या कानावर जायचं तसं गेलंच. ती रडायची थांबली. पाणी आणी, दळण दळी, सासूनं वाढलेलं ताट न जेवता बाजूला सारून ठेवी. आणि एकदा डोक्यावरचा पदर पुढं ओढून, दाराआडून तिनं विचारलं होतं,

"मामंजी, साऱ्यांनी सोडला. त्यांनीच कावून न्हाई सोडला?"

नवऱ्याबद्दल असं विचारायची पाळी आलेल्या पोरीला माहीत नाही म्हणून सांगणं आसारामाला जमलं नाही. तो उठून नदीकडं गेला होता.

आता यारीचे दांडे फिरायला लागले. साखळी ताणली, तुळईचं एक टोक वाळूतून सुटलं, मग दुसरं. आसारामानं दोर सैल धरला. हा दोर त्यानं आयुष्यात कधी धरला नव्हता. तो पहिल्यापासून वरचा माणूस. खांबावर बसून, येणाऱ्या तुळईला पहारीनं जागेवर लावणारा. वरून तुळई किती दूर आहे, किती खाली आहे, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पहिल्याच दिवशी साहेब स्वतः खांबावर पालथे पडले होते आणि आपल्या अंगावरून तुळई फिरवून दाखवली होती. पडलेल्या माणसाच्या पाठीवर हातभर जागा उरते. आसारामानं ती डोळ्यांनी पाहिली होती. धर्मराज तेव्हा गावाकडं ज्वारी काढत होता.

तुळई वर गेली तशी आसारामाची मान वर झाली.

खांबावर मुंजाजी बसला होता. त्याच्याच गावचा, त्याच्याच हाताखाली शिकलेला माणूस. एका हातात पहार, दुसरा कपाळावर. तुळई त्याच्या दिशेनं सरकत होती आणि तिची कड थेट मुंजाजीच्या गळ्याशी आली होती. आसारामानं डोळे बारीक केले. एक पाऊल डावीकडं सरकला. तरी तसंच. खांबाचा दगड आणि लोखंड यांच्यामध्ये आभाळाची फटसुद्धा दिसेना. इथून बघणाऱ्याला वाटावं, हे लोखंड आलं की त्या माणसाला दगडावरून पुसून नेणार.

'जागा हाय,' त्यानं स्वतःला सांगितलं. 'हातभर जागा हाय.'

मग पलीकडच्या काठावरच्या बाभळी वाकल्या. धूळ पात्रात उतरली. दोर त्याच्या मुठीत एकदम जिवंत झाला, दावं तोडणाऱ्या बैलासारखा.

"छोड दो!"

बाजूचे तीन दोर सुटून वाळूत सळसळले. आसारामानं हाळी ऐकली. स्पष्ट ऐकली. वर मुंजाजी पालथा पडला आणि दिसेनासा झाला. तो होता तिथं आता नुसतं लोखंड दिसत होतं, आणि ते पुढं सरकत होतं. आसारामानं मुठी उघडायच्या म्हटलं. मुठी उघडल्या नाहीत. त्यानं टाचा वाळूत रोवल्या, पाठ मागं टाकली. दोर तळव्यांतून जाळत निघाला, तरी त्यानं तो आवळला. वाळू पायाखालून सरकायला लागली.

"छोड! छोड रे!"

कुणीतरी मागून येऊन त्याच्या कमरेला मिठी मारली. साहेब होते. दोघंही चार पावलं ओढले गेले, खडकावर आपटले. मग वारं जसं आलं तसं गेलं. तुळई डुलत डुलत स्थिर झाली. वर मुंजाजी उठून बसला, तोंडावरची धूळ पुसत त्यानं खाली पाहिलं.

"काय झालं बे?" तो ओरडला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

साहेबांनी आसारामाच्या गालावर मारायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. त्यांनी त्याची बोटं एकेक करून उलगडली आणि दोर काढून घेतला. तळव्यांची कातडी दोरालाच चिकटून आली होती.

"सुना नहीं क्या?"

"आयकलं, साहेब."

"फिर?"

आसाराम वरच पाहत होता. साहेबांनी त्याच्या नजरेबरोबर वर पाहिलं. मग ते उठले, तो उभा होता त्या जागी जाऊन उभे राहिले आणि टोपी काढून खांबाकडं बघत राहिले. माणसं वाट पाहत थांबली होती.

"ऊपर जगह है," साहेब हळूच म्हणाले. "तेरे कू मालूम है."

"मालूम हाय, साहेब."

त्या दिवशी साहेबांनी काम लवकर बंद केलं.

आसाराम झोपडीशी आला तेव्हा दिवस कलला होता. दिवसभर खडी उचलून आलेल्या बायकांना दळायला हीच वेळ मिळे. झोपडीच्या मागच्या अंगाला भिवरा जात्यावर बसली होती. जानकीबाई चुलीपुढून उठली. नवऱ्याचे हात तिनं पाहिले. तिनं तेलाची वाटी आणली, त्यात हळद कालवली आणि त्याचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला.

"त्योच दोर धरला म्हनं तुमी."

"व्हय."

"कावून?"

ती बोटानं तेल लावत राहिली. लहान पोराला लावावं तसं, मध्येच फुंकर घालत.

"साहेबानं हाळी दिली न्हाई का?"

"दिली. सुटला न्हाई माह्याच्यानं."

"वर कोन व्हतं?"

"मुंजाजी."

"त्येला लागलं असतं?"

"न्हाई. पालथं पडलं की वरनं जातंय. हातभर जागा ऱ्हाती. मला ठावं हाय ते." त्यानं दुसरा हात तिच्यापुढं धरला. "खालून दिसत न्हाई पर. खालून वाटतं, गेलाच मानूस."

जानकीबाईचं बोट थांबलं. तिनं वाटी खाली ठेवली. तिची नजर अजून त्याच्या तळव्यावरच होती.

"आन् त्या दिशी," ती म्हणाली, "वर तुमी व्हता."

चुलीतलं लाकूड कोसळलं. दोघांपैकी कुणी ते सारलं नाही. आसारामानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. लेकाला खड्ड्यातून काढताना तो रडला नव्हता, सरण पेटवतानाही नाही. जानकीबाईनं पदरानं स्वतःचे डोळे पुसले, मग त्याच पदरानं त्याचे. मागं जात्याची घरघर चालली होती.

"पोरीला सांगाया पायजे," शेवटी ती म्हणाली.

"व्हय."

"ती आपल्याच जिवाला खात बसलीया."

"सांगतो मी."

"तुमी नका. मी सांगते." भुईला हात टेकून ती उठली. दाराशी जाऊन क्षणभर थांबली, पदर नीट केला, आणि झोपडीला वळसा घालून मागं गेली.

आसाराम तळवे वर करून बसला. मागून जानकीबाईचा आवाज येत होता. बारीक, एकसारखा, शब्द कळत नव्हते. मग जात्याची घरघर थांबली.

ती पुन्हा सुरू व्हायची वाट बघत तो बसून राहिला.